राष्ट्रपती असो की राष्ट्राध्यक्ष, लोकांनी थेट निवडावा का? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात मी एका उत्तरात सहज लिहून गेलो होतो की अमेरिकेत ज्याला जास्त लोकांनी मत दिलं तोच उमेदवार हरू शकतो ही गोष्ट मला आजही पटत नाही, आणि त्या एका वाक्यावर इतके ईमेल आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. काही पत्रं लांब होती ती छोटी केलीत, नावं टाकलेली नाहीत, फक्त गाव आणि काम ठेवलंय.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढे घोळ नको. इंग्रजीत दोघांनाही प्रेसिडेंट म्हणतात पण आपण मराठीत भारताचा राष्ट्रपती म्हणतो आणि अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणतो, आणि हा फरक अगदी योग्य आहे कारण ही दोन वेगळी पदं आहेत. अमेरिकेचा राज्य करतो, आपला राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो. माझी सगळी उत्तरं याच फरकावर उभी आहेत.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत असते, २०२४ साली तिने तिथे पहिल्यांदा मतदान केलं. मला फार कौतुक वाटलं पण ती म्हणाली, "आई, माझ्या मताने इथे काहीच फरक पडत नाही, निकाल ठरलेला असतो." मी तिला रागावले. मी चुकले का?
निवृत्त शिक्षिका, सातारा

रागावलात ते आई म्हणून आणि शिक्षिका म्हणून बरोबरच, पण तिचं म्हणणं खोटं नाही ताई. अमेरिकेत लोक राष्ट्राध्यक्षाला मत देतात असं आपण म्हणतो खरं, पण प्रत्यक्षात ते आपापल्या राज्याचे इलेक्टर निवडतात आणि ते इलेक्टर राष्ट्राध्यक्ष निवडतात. असे एकूण ५३८, जिंकायला २७० लागतात. अमेरिकी संसदेच्या दोन सभागृहांत प्रतिनिधीगृहाचे ४३५ आणि सिनेटचे १०० सदस्य, तेवढेच इलेक्टर राज्यांना, आणि राजधानी वॉशिंग्टनला ३, तेसुद्धा १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीने मिळाले, त्याआधी राजधानीत राहणाऱ्या माणसाला राष्ट्राध्यक्ष निवडायचा हक्कच नव्हता!

खरी मेख पुढे आहे. ५० पैकी ४८ राज्यांत ज्याला एक जरी मत जास्त पडलं त्याला त्या राज्याचे सगळेच्या सगळे इलेक्टर मिळतात, फक्त मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं थोडी वेगळी वाटणी करतात. न्यू जर्सीचे इलेक्टर १४, आणि १९९२ पासून ते राज्य दर वेळी डेमोक्रॅटिक पक्षालाच गेलंय, म्हणजे तुमच्या मुलीने कुणालाही मत दिलं तरी ते १४ एकाच बाजूला जाणार हे दोन्ही पक्षांना माहीत असतं, त्यामुळे शेवटच्या महिन्यात उमेदवार पेनसिल्व्हेनियात आणि मिशिगनमध्ये तळ ठोकतात आणि न्यू जर्सीकडे फारसं कुणी बघत नाही. टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणाऱ्या लाखो लोकांचं आणि कॅलिफोर्नियात रिपब्लिकन पक्षाला मत देणाऱ्या लाखो लोकांचं हेच दुःख आहे, तेव्हा हा एका पक्षाचा प्रश्न नाहीये हे लक्षात घ्या.

२०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात जवळपास २९ लाख मतं जास्त पडली, पण इलेक्टर ट्रम्प यांच्याकडे ३०४ आणि क्लिंटन यांच्याकडे २२७ (उरलेल्या सात इलेक्टरांनी भलत्यालाच मत दिलं, तेही या पद्धतीत होऊ शकतं). हा सगळा फरक मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतल्या मिळून ८० हजारांहून कमी मतांनी पडला. २००० साली अल गोर देशात सुमारे साडेपाच लाख मतांनी पुढे होते आणि फ्लोरिडात ५३७ मतांनी मागे, आणि त्या ५३७ मतांवर बुश राष्ट्राध्यक्ष झाले. १८७६ आणि १८८८ सालीही असंच झालं होतं. २०२४ ला ट्रम्प दोन्हीकडे पुढे होते, ३१२ विरुद्ध २२६, आणि लोकांची मतंही जास्त, म्हणून आता हा विषय संपला असं काही जण म्हणतात. पण दुकानातला काटा बिघडलेला असला तरी एखाद्या वेळी वजन बरोबर येतंच की, म्हणून काटा दुरुस्त झाला असं कुणी म्हणेल का.

मुलीला एवढंच सांगा की त्याच मतपत्रिकेवर सिनेट, प्रतिनिधीगृह, स्थानिक शाळा मंडळ अशा निवडणुका असतात आणि तिथे तिचं मत अगदी सरळ मोजलं जातं. तेव्हा मत देणं सोडू नकोस म्हणावं.

प्रश्न : एवढ्या हुशार लोकांनी घटना लिहिली, मग असली वाकडी वाट का काढली? सामान्य माणसावर विश्वास नव्हता म्हणून का?
बँक कर्मचारी, ठाणे

विश्वास नव्हता हे अर्धं उत्तर आहे आणि बहुतेक ठिकाणी तेवढंच सांगितलं जातं. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहायला लोक बसले तेव्हा पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांनी थेट लोकांकडूनच निवडा असा आग्रह धरला होता, म्हणजे ही कल्पना तेव्हा कुणाला सुचली नाही असं अजिबात नाही. जेम्स मॅडिसन तर म्हणाले की तत्त्व म्हणून लोकांनी निवडणं हेच सगळ्यात योग्य, पण त्यांनी लगेच अडचण सांगितली की दक्षिणेकडच्या राज्यांत मताचा हक्क असलेले लोक कमी, कारण तिथे लाखो माणसं गुलाम होती आणि त्यांना मत नव्हतं, त्यामुळे थेट मत घेतलं तर दक्षिणेचं वजन पडणार नाही.

मग तोड काय निघाली बघा. प्रतिनिधीगृहाच्या जागा ठरवताना पाच गुलाम माणसं म्हणजे तीन माणसं असा हिशोब आधीच मान्य झाला होता, इलेक्टरांची संख्या त्या जागांना जोडून टाकली. म्हणजे ज्या माणसाला स्वतःला मत देता येत नाही, ज्याला विकलं जातं, त्याचं डोकं मोजून त्याच्या मालकाच्या राज्याला जास्त इलेक्टर! पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचे होते, वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, मन्रो, आणि व्हर्जिनियात गुलामांची संख्या सगळ्या राज्यांत जास्त होती. मला हे वाचताना दर वेळी त्रास होतो, आणि "थोर पूर्वजांनी विचार करून ठेवलेली पद्धत" असं कुणी म्हटलं की मी त्यांना हे पाच-तीनचं गणित सांगतो.

प्रवासाची साधनं नव्हती, लांबच्या उमेदवाराची माहिती लोकांना कशी कळणार, ही कारणंही तेव्हा दिली गेली आणि ती खोटी नव्हती. पण ती कारणं रेल्वे आणि तार आली तेव्हाच संपली.

प्रश्न : तुमचं म्हणणं एकतर्फी वाटलं. मी वीस वर्षं आयोवात राहतो. थेट मतदान झालं तर न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि शिकागोच राष्ट्राध्यक्ष ठरवतील, आमच्यासारख्या छोट्या राज्यांना कोण विचारणार? शिवाय २००० साली एका फ्लोरिडात एवढा गोंधळ झाला, देशभर फेरमोजणी करायची वेळ आली तर काय होईल?
इंजिनिअर, आयोवा

तुमच्या दोन मुद्द्यांपैकी पहिला मला मान्य नाही आणि दुसरा मान्य आहे, तर आधी पहिला घेतो.

२०२० च्या जनगणनेत ही तिन्ही शहरं मिळून साधारण दीड कोटी लोक होते आणि देश ३३ कोटींचा, म्हणजे पाच टक्केसुद्धा नाही. एवढ्यावर कोणी राष्ट्राध्यक्ष होत नाही, आणि त्या शहरांतही सगळे एकालाच मत देत नाहीत. आता छोट्या राज्याचं म्हणाल तर वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास आणि इलेक्टर ३, कॅलिफोर्नियाची सुमारे ३ कोटी ९५ लाख आणि इलेक्टर ५४. भागाकार करा, वायोमिंगमध्ये १ लाख ९२ हजार लोकांमागे एक इलेक्टर आणि कॅलिफोर्नियात ७ लाख ३२ हजारांमागे एक. एवढं झुकतं माप देऊनही उमेदवार वायोमिंगला प्रचाराला जातात का? नाही जात, कारण ते राज्यही ठरलेलंच आहे. तुमच्या आयोवाचंच बघा ना, ओबामांनी २००८ आणि २०१२ ला ते जिंकलं, तेव्हा चुरस होती तोवर शेवटपर्यंत दोन्हीकडचे नेते चकरा मारायचे, २०१६ नंतर ते एका बाजूला झुकलं आणि चकरा थांबल्या. राज्य तेवढंच, माणसं तीच, शेतकरी तेच. म्हणजे ही पद्धत छोट्या राज्याला जपत नाही, ती फक्त चुरशीच्या राज्याला जपते. छोट्या राज्यांसाठी सिनेट आहे, तिथे वायोमिंगचे दोन आणि कॅलिफोर्नियाचेही दोनच, ते कुणी काढून घेत नाहीये.

दुसरा मुद्दा मात्र खरंच वजनदार आहे. अमेरिकेत आपल्यासारखा देशभराची निवडणूक घेणारा एक आयोग नाही, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, मतपत्रिका वेगळी, कधी एकाच राज्यात दोन काउंटींची (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांची) यंत्रं वेगळी. मतांचा फरक देशभरात अगदी थोडा राहिला तर आज भांडण एकदोन राज्यांत होतं ते उद्या पन्नास राज्यांत होईल. म्हणून थेट मत हवं असेल तर आधी एकसारखे नियम आणि एकसारखी मोजणी हवी, नुसतं "जास्त मतं तो जिंकला" एवढं लिहून भागणार नाही, आणि अमेरिकेतले थेट मताचे समर्थक यावर पुरेसं बोलत नाहीत ही माझीही तक्रार आहे.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण मी सांगतो. थेट मत घेतलं की सगळं आपोआप न्याय्य होतं असंही नाही. फ्रान्समध्ये १९६२ च्या सार्वमतानंतर राष्ट्राध्यक्ष थेट निवडतात, कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. २००२ साली डाव्यांची मतं इतक्या उमेदवारांत वाटली गेली की पंतप्रधान जोस्पँ १६ टक्क्यांवर अडकून तिसरे आले आणि दुसऱ्या फेरीत राष्ट्राध्यक्ष शिराक यांच्यासमोर अतिउजवे ल पेन उभे राहिले, अर्ध्या फ्रान्सला ज्यांच्यात निवड करायचीच नव्हती अशी निवड करावी लागली. श्रीलंकेची पद्धत मला जास्त बरी वाटते, तिथे मतदार एकाच मतपत्रिकेवर पहिली, दुसरी, तिसरी पसंती देऊ शकतो, आणि २०२४ ला अनुरा कुमारा दिसानायके पहिल्या मोजणीत ४२ टक्क्यांवर थांबले तेव्हा पहिल्यांदाच दुसऱ्या पसंतीची मतं मोजून निकाल लागला, पुन्हा मतदान घ्यावं लागलं नाही.

बदल होईल का विचाराल तर घटनादुरुस्ती अवघड आहे. १९६९ साली थेट निवडणुकीची दुरुस्ती प्रतिनिधीगृहात प्रचंड बहुमताने मंजूर झाली होती, निक्सन यांचाही पाठिंबा होता, पण १९७० ला सिनेटमध्ये काही सदस्यांनी चर्चा लांबवून ती मारली. आता दुसरी वाट चालू आहे, काही राज्यांनी आपापसात करार केलाय की आमचे इलेक्टर आम्ही देशभरात ज्याला जास्त मतं त्यालाच देऊ, २००७ ला मेरीलँडपासून सुरुवात झाली, करारातल्या राज्यांचे मिळून दोनशेच्या वर इलेक्टर झालेत, पण बेरीज २७० होईपर्यंत तो लागू होणार नाही असं त्यातच लिहिलंय.

प्रश्न : सर, मग आपला राष्ट्रपती पण थेट जनतेतून का नको? आता गावचा सरपंच थेट निवडतात, नगराध्यक्ष थेट निवडतात, आणि देशाचा पहिला नागरिक मात्र आमदार खासदार निवडतात. हा जनतेवर अविश्वास नाही का?
एमपीएससीची तयारी करणारी विद्यार्थिनी, लातूर

खूप चांगला प्रश्न आहे, आणि माझं उत्तर ऐकून तुला वाटेल की अमेरिकेला एक न्याय आणि भारताला दुसरा. हो, दुसराच, कारण पद दुसरं आहे.

घटना समितीत हा वाद झालाय. प्रा. के. टी. शहा यांनी प्रौढ मतदानाने थेट राष्ट्रपती निवडा अशी दुरुस्ती मांडली होती, आणि त्यांच्या मनात मुळात अमेरिकेसारखीच रचना होती, त्यामुळे त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी सुसंगत होतं. नेहरूंनी जुलै १९४७ मध्येच आपली बाजू सांगितली होती, की राष्ट्रपतीला साऱ्या देशाने निवडायचं आणि मग त्याला खरे अधिकारच द्यायचे नाहीत हे विसंगत होईल, वेळ, शक्ती, पैसा सगळं जाईल आणि हाती काही लागणार नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना तर हे फार स्वच्छ सांगितलं, की आपल्या राष्ट्रपतीचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं, तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो, राष्ट्रावर राज्य करत नाही. हे वाक्य तू परीक्षेसाठी पाठ करशीलच पण परीक्षेनंतरही लक्षात ठेव.

समजा ९७ कोटी मतदारांनी (२०२४ ला साधारण एवढे होते) एका माणसाला थेट निवडलं. देशभर फिरून, सभा घेऊन, वचनं देऊन तो निवडून आला. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळ त्याच्याकडे एक कागद पाठवणार आणि ७४ व्या अनुच्छेदाप्रमाणे तो सल्ला त्याला ऐकावा लागणार, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने तर ते स्पष्टच लिहिलं, ४४ व्या दुरुस्तीने एकदा परत पाठवायची मुभा दिली एवढंच. पंतप्रधान एका मतदारसंघातून आलेला आणि राष्ट्रपती अख्ख्या देशातून, तो गप्प बसेल का? तो म्हणणार मला लोकांनी निवडलंय, तुम्ही कोण? तुर्कस्तानात अगदी हेच झालं. तिथे आधी राष्ट्राध्यक्ष संसद निवडायची, २००७ च्या सार्वमतात थेट निवडणूक ठरली, २०१४ ला एर्दोआन पहिल्यांदा थेट निवडून आले आणि २०१७ च्या सार्वमतात पंतप्रधानपदच रद्द करून सगळी सत्ता राष्ट्राध्यक्षाकडे गेली. दहा वर्षांत पूर्ण घर फिरलं.

तू अविश्वास म्हणतेस, पण आपल्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीतही जनतेचं वजन मोजूनच घेतलंय. आमदाराच्या मताचं मूल्य राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येवर ठरतं, महाराष्ट्राच्या एका आमदाराचं १७५, उत्तर प्रदेशाच्या २०८, सिक्कीमच्या फक्त ७. आपले २८८ आमदार मिळून ५० हजार ४००. विधान परिषदेच्या आमदारांना यात मत नाही, राज्यसभेच्या नियुक्त खासदारांनाही नाही, म्हणजे विधानसभेचे आणि संसदेचे जे निवडून आलेत त्यांनाच. आणि मतपत्रिकेवर पसंतीक्रम द्यायचा असतो, जो मी वर श्रीलंकेबद्दल चांगला म्हटलं तोच प्रकार.

पसंतीक्रमाने काय होतं ते १९६९ ला दिसलं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, समोर व्ही. व्ही. गिरी, आणि तिसरे आपले रायगडचे चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, ज्यांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ ला अर्थमंत्रिपद सोडलं. इंदिरा गांधींनी आमदार खासदारांना सदसद्विवेकाला स्मरून मत द्या म्हणून सांगितलं. पहिल्या पसंतीत गिरी पुढे पण निम्म्याच्या वर कुणीच नाही, देशमुखांना १ लाख १२ हजारांवर मूल्याची मतं होती, मग त्यांच्या आणि इतरांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली आणि गिरी ४ लाख २० हजार ७७ वर पोहोचून निवडून आले. त्यातून काँग्रेस फुटली! आणि २००७ ला प्रतिभाताई पाटील उभ्या होत्या तेव्हा शिवसेनेने आपली आघाडी सोडून मराठी राष्ट्रपती म्हणून त्यांना मत दिलं. लोक म्हणतात ही निवडणूक नुसती औपचारिक, मला तसं वाटत नाही.

रबरी शिक्का म्हणशील तर तेही पूर्ण खरं नाही. २००६ साली कलाम यांनी लाभाच्या पदांचं विधेयक संसदेकडे परत पाठवलं, संसदेने ते पुन्हा मंजूर केलं आणि मग त्यांना सही करावी लागली, पण त्या मधल्या वेळात देशभर त्यावर बोललं गेलं. राष्ट्रपतीचं काम हेच, थांबवून विचार करायला लावणं, आणि ते काम करायला पक्षाबाहेरची उंची लागते, प्रचाराच्या ट्रकवर चढून ती येत नाही.

प्रश्न : तुमचं वरचं मत फेसबुकवर आधी वाचलं होतं म्हणून लिहितेय. आयर्लंडमध्ये राष्ट्राध्यक्षांना फार अधिकार नाहीत, तरी लोक थेट निवडतात आणि पंतप्रधानांशी भांडण होत नाही. मग तुमचा सिद्धांत कुठे राहिला?
नर्स, डब्लिन

तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत आणि मी हे मान्य करतो. मेरी रॉबिन्सन १९९० ला निवडून आल्या आणि कमी अधिकार असूनही त्यांनी त्या पदाला नवा मान मिळवून दिला, २०२५ ला कॅथरिन कॉनली निवडून आल्या, आणि तिथेही पसंतीक्रमाचीच पद्धत आहे. म्हणजे थेट निवड झाली की सत्तेसाठी भांडण होणारच असं नाही.

तरी दोन गोष्टी. आयर्लंडची लोकसंख्या ५० लाखांच्या थोडी वर, आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी, तिथली निवडणूक आणि आपल्या देशाची निवडणूक खर्चात आणि तापमानात एक नाही. आणि तिथे उमेदवार व्हायला संसदेच्या २० सदस्यांचा किंवा चार स्थानिक परिषदांचा पाठिंबा लागतो, म्हणजे दाराशी चाळणी आहेच, २००४ ला तर मेरी मॅकअलीस बिनविरोध आल्या, मतदान झालंच नाही. पण तुमच्या पत्रानंतर मी "होणारच" हा शब्द सोडून "होण्याची भीती मोठी" असं म्हणेन.

प्रश्न : आमच्या गावात सरपंच थेट निवडून आला एका पॅनेलचा आणि सदस्यांत बहुमत दुसऱ्या पॅनेलचं. दीड वर्ष झालं, मासिक सभेत एक ठराव धड होत नाही, पाण्याच्या टाकीचं काम अडकलंय. याला काय म्हणायचं?
ग्रामपंचायत सदस्य, सोलापूर जिल्हा

दादा, तुमचं पत्र सगळ्यात छोटं होतं पण मी त्यावर सगळ्यात जास्त विचार केला, कारण बाकीचे आम्ही कागदावर बोलतोय आणि तुमच्याकडे टाकीचं काम थांबलंय.

महाराष्ट्राने हे किती वेळा उलटंपालटं केलं बघा. २०१६ ला नगराध्यक्ष थेट, २०१७ ला सरपंच थेट, २०१९ च्या शेवटी नवं सरकार आलं आणि २०२० ला दोन्ही पुन्हा सदस्यांतून, २०२२ ला परत सरकार बदललं आणि पुन्हा थेट. प्रत्येक वेळी लोकशाहीचं नाव घेतलं गेलं, पण कुणाच्या पक्षाला काय सोयीचं हे बघूनच निर्णय झाले असं माझं स्पष्ट मत आहे, आणि गावाने मात्र दर वेळी नवी घडी बसवायची.

थेट सरपंचाची चांगली बाजू तुम्हालाही माहीत आहे. आधी निकाल लागला की सदस्यांना गाडीत घालून सहलीला न्यायचे, फोन बंद, सरपंचाच्या निवडीच्या दिवशीच गावात आणायचे, तो बाजार थांबला. सारखा अविश्वास ठराव आणायचा धाकही कमी झाला कारण आता सदस्यांनी ठराव केला तरी शेवटचा शब्द ग्रामसभेचा, गुप्त मतदानाने. पण सरपंचाला लोकांनी निवडलं आणि सदस्यांनाही लोकांनीच निवडलं, दोघांकडे लोकांचा कौल आहे आणि दोघं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, तर अडलेलं काम सोडवणार कोण याचं उत्तर कायद्याने नीट दिलेलं नाही. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष एका बाजूचा आणि संसद दुसऱ्या बाजूची असं १९८६, १९९३ आणि १९९७ ला झालं, पण तिथे कुणी कशात बोलायचं याची वाटणी घटनेत बऱ्यापैकी होती. गावात ती नाही.

तुम्हाला करता येईल ते एवढंच, की टाकीचा विषय मासिक सभेतून काढून ग्रामसभेच्या अजेंड्यावर घ्यायची लेखी मागणी करा, दोन्ही पॅनेलच्या बायका ज्या हंडा घेऊन उभ्या असतात त्यांना त्या सभेला आणा, आणि ठराव तिथेच घ्या. लोकांसमोर टाकीला नाही म्हणणं दोन्ही बाजूंना जड जाईल.

प्रश्न : राष्ट्रपती राहू द्या, पंतप्रधानच थेट निवडला तर? आमदार खासदार फोडाफोडीच संपेल.
व्यापारी, जळगाव

हा प्रयोग इस्रायलने करून पाहिलाय. १९९२ ला कायदा केला, १९९६, १९९९ आणि २००१ ला पंतप्रधान थेट निवडला, आणि २००१ मध्येच कायदा रद्द केला. लोकांनी एक मत पंतप्रधानाला दिलं आणि दुसरं मत मोकळेपणाने छोट्या पक्षांना, त्यामुळे दोन मोठ्या पक्षांच्या मिळून १२० पैकी ज्या ७६ जागा होत्या त्या १९९६ ला ६६ आणि १९९९ ला ४५ वर आल्या. पंतप्रधान मजबूत होण्याऐवजी छोट्या पक्षांच्या हातात गेला. फोडाफोडी थांबवायची तर पक्षांतरबंदी कायदा घट्ट करा आणि सभापतींना निर्णयाची मुदत बांधून द्या, ते औषध जवळचं आहे.

प्रश्न : आमदाराच्या मताचं मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवर का? मी वर्गात मुलांना शिकवताना दर वर्षी हा प्रश्न येतो आणि ही आकडेवारी कधी बदलणार?
नागरिकशास्त्राचे शिक्षक, कोल्हापूर

कारण ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांना त्याची शिक्षा नको. आधी आणीबाणीत हे गोठवलं आणि मग ८४ व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत वाढवलं, म्हणजे आता होणाऱ्या जनगणनेचे आकडे आले की हे मूल्य बदलणार.

वर्गात एक गणित द्या मुलांना. राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या भागिले हजार. १९७१ च्या आकड्यांवर महाराष्ट्र १७५ आणि तामिळनाडू १७६, जवळजवळ बरोबरीत. तेच २०११ च्या जनगणनेवर आमदार तेवढेच ठेवून काढलं तर महाराष्ट्र ३९० येतो आणि तामिळनाडू ३०८. बिहार आज १७३ आहे, तो होतो ४२८. म्हणजे आज आपल्या आमदारापेक्षा किंचित हलका असलेला बिहारचा आमदार उद्या आपल्यापेक्षा जड होणार, आणि तामिळनाडू, केरळ मागे पडणार. अमेरिकेत दर दहा वर्षांनी इलेक्टरांची फेरवाटणी होते आणि तरी वायोमिंग-कॅलिफोर्नियाचा फरक मिटत नाही, आपण पन्नास वर्षं आकडे गोठवून ठेवले आणि आता एकदम वितळवणार आहोत. मुलांना विचारा की माणूस मोजायचा की लोकसंख्या आवरणाऱ्या राज्याचं श्रेय मोजायचं, आणि त्यांनी काय उत्तरं दिली ती मला नक्की पाठवा, पुढच्या अंकात छापतो.